लाकूड आणि लेप

पावसाळ्यातील दमट हवा आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा यांच्यामुळे गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरांत लाकूड सतत फुगते व आकसते. ही हालचाल तंतूंच्या लांबीत नगण्य, पण रुंदीत लक्षणीय असते, म्हणूनच कपाटाची रुंद फळी चौकटीत खिळ्यांनी घट्ट न ठोकता खाचेत सैल बसवली जाते. सागवानाचा गाभा, म्हणजे खोडाचा आतला गडद व पक्व भाग, त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवीला दाद देत नाही. सालीलगतचा फिकट भाग मात्र सागाचाच असूनही किडीला सहज बळी पडतो, आणि स्वस्त सागवान बहुधा याच भागाचे असते. परसातला फणस सागाला उत्तम पर्याय आहे, आणि त्याचा पिवळा रंग काळाबरोबर तपकिरी होत जातो. आंबा मात्र वाळवीला लवकर बळी पडतो. ऐन, म्हणजे गोव्यातला माट, बळकट असला तरी वाळताना तडकतो. परसातले झाड असले तरी ते तोडण्यासाठी 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये परवानगी आवश्यक असते.

लेपांपैकी लाखेचे पॉलिश, म्हणजे लाखेच्या किड्याने स्रवलेली राळ स्पिरिटमध्ये विरघळवून केलेला लेप, देखणे व दुरुस्तीस सोपे असले तरी दमटपणाने पांढुरके पडते. म्हणून ते दिवाणखान्यातील खुर्चीला शोभते, तर जेवणाच्या मेजाला पॉलियुरेथेनच योग्य ठरते. कोणताही लेप ओल्या लाकडावर दिल्यास आतील ओल बाहेर पडताना तो सोलवटतो, त्यामुळे फर्निचर ऐन पावसात रंगवून घेण्याची घाई न केलेली बरी.