शमशोनाचे बळ

उपजतच एखादी मोठी देणगी घेऊन आलेल्या मुलाचे काय करावे, हा प्रश्न घरी आईबापांना आणि शाळेत गुरुजींना हमखास पडतो. बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचे पुस्तक आहे. त्यातल्या शमशोनाची कथा अशाच एका मुलाची आहे.

इस्राएल लोकांवर तेव्हा पलिष्ट्यांचा अंमल होता. मानोहाच्या बायकोला मूलबाळ नव्हते. देवदूत तिला म्हणाला, तुला मुलगा होईल, त्याच्या डोक्याला वस्तरा लावू नकोस. आपल्या लोकांच्या सुटकेला तो आरंभ करील. बळ कशासाठी, हे जन्माआधीच ठरलेले होते. आपल्याकडचा पैलवान तालमीत घाम गाळून ताकद कमावतो. शमशोनाला ती आयती मिळाली.

आणि त्याने तिचे केले काय? तिम्ना गावी लग्न लागले, तिथे ३० जोड वस्त्रांची पैज लावून त्याने एक कोडे घातले. नवरीने रडून उत्तर काढून घेतले, पैज हरली. तेव्हा हा अश्कलोनास गेला, ३० माणसे मारली आणि त्यांची वस्त्रे आणून पैज फेडली. त्या बिचाऱ्यांना कोड्याचा पत्ताही नव्हता!

पुढे सासऱ्याने मुलगी दुसऱ्याला दिली. शमशोनाने ३०० कोल्हे धरले, दोन-दोन शेपट्या बांधून मधे मशाल खोचली आणि ते पलिष्ट्यांच्या शेतात सोडले. दिवस गव्हाच्या सुगीचे. शेतकरी बंधूंनो, सुगीत आग लागणे म्हणजे काय, हे मी तुम्हांला काय सांगावे? रचलेल्या गंजी गेल्या, उभे पीक गेले, जैतुनाची झाडेही गेली. भांडण सासऱ्याशी आणि वर्षाचे दाणे जळाले गावाचे. चिडलेल्या पलिष्ट्यांनी मग ती मुलगी आणि तिचा बाप यांनाच जाळून टाकलं. त्याचाही सूड शमशोनाने घेतला. सूडाला सूड, असं ते चालूच राहिलं.

याच पुस्तकात त्याच्या आधी गिदोनाची हकीकत आहे. त्यालाही ३०० च हवे होते, पण माणसे. त्यांच्याही हाती मशाली होत्या, रिकाम्या घागरींत लपवलेल्या. त्यांनी मिद्यानी सैन्याची दाणादाण उडवली. शमशोन २० वर्षे शास्ता होता, पण त्याने चार माणसे जमवली, त्यांना काही शिकवले, असे कुठे लिहिलेले नाही. उलट यहूदाचे ३००० लोक एकदा त्याच्याकडे आले ते त्याला बांधून शत्रूच्या हवाली करायला! कथेत मला सर्वांत बोचते ते हे. दलीलेची गोष्ट सगळे सांगतात, ही कुणी सांगत नाही.

दलीलेला पलिष्टी सरदारांनी प्रत्येकी ११०० तुकडे रुपे कबूल केले होते. तिने तीनदा बळाचे गुपित विचारले, तीनदा त्याने थाप मारली, आणि दर वेळी पलिष्टी आल्याची हाक ऐकूनच उठला. तरी हा तिथेच! चौथ्या वेळी खरे सांगून टाकले. तिच्या मांडीवर झोपला असता केस उतरले. जागा झाला तेव्हा नेहमीसारखे अंग झाडून सुटू, असेच त्याला वाटले. बळ गेल्याचे कळलेसुद्धा नाही.

त्याचे डोळे काढले. गज्जाच्या तुरुंगात तो दळण दळू लागला. केस पुन्हा वाढू लागले होते. दागोनाच्या उत्सवात त्याची गंमत पाहायला छपरावरच ३००० माणसे जमली, तेव्हा खांबांना हात लावून त्याने देवाकडे एकदाच बळ मागितले. मागणे कशासाठी? माझ्या दोन डोळ्यांच्या सूडासाठी. देऊळ कोसळलं, त्यांच्याबरोबर तोही गेला.

त्याचे भाऊबंद या कथेत येतात ते इथे. गज्जाला जाऊन त्यांनी त्याचे प्रेत उचलले आणि सरा व अष्टावोल यांच्या दरम्यान, मानोहाच्या कबरेत पुरले. पलिष्टी पुढे शौल आणि दाविदाच्या काळापर्यंत लढतच होते.