आस्वानहून अबू सिंबेलला

भूगोल शिकविण्यांत माझी अडतीस वर्षें गेलीं. कर्कवृत्त मीं नकाशावर छडीनें किती वेळां दाखविलें असेल याची गणती नाहीं. परंतु तें प्रत्यक्ष ओलांडण्याचा योग आला, तेव्हां मी मोटारीच्या खिडकीस डोकें टेकून चक्क घोरत होतों! आमच्या कुटुंबानें हालवून जागें केलें, तोंपर्यंत वृत्त मागें पडलें होतें.

हा प्रसंग इजिप्तमधील आस्वान ते अबू सिंबेल या रस्त्यावरचा. पुण्याहून निघालेली आमची अठ्ठावीस जणांची मंडळी होती. पहांटे पांच वाजतां, फराळाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या मांडीवर घेऊन आम्ही निघालों. अंतर सुमारें २८० किलोमीटर. घाट नाहीं, वळण नाहीं, झाड तर औषधालाहि नाहीं. उजाडल्यावर तांबूस वाळू व तींतून डोकावणाऱ्या काळ्या टेकड्या तेवढ्या दिसूं लागल्या. ऊन चढतांच दूरवर पाणी चमकलें. ‘आलें तळें!’ म्हणून एक बाई पिशवी आवरूं लागल्या. तें मृगजळ होतें. मग मंडळींनीं भेंड्या लावल्या आणि खरें तळें येईपर्यंत त्या चालल्या.

दुसऱ्या रामेसेस राजानें ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकांत हीं दोन देवळें डोंगरांत कोरविलीं. एक मुख्यतः स्वतःकरितां व दुसरें राणी नेफरतारीकरितां. दाराशीं राजाच्या चार बैठ्या मूर्ति आहेत. प्रत्येक सुमारें वीस मीटर उंच. त्यांतील एकीचें मस्तक व धड प्राचीन काळींच कोसळून पायांशीं पडलेलें आहे. आंत गाभाऱ्यांत चार देव शेजारीं शेजारीं बसले आहेत, आणि चौघांपैकीं एक स्वतः राजाच! वेरूळचें कैलास लेणें पाहिलेल्या मनुष्यास कोरीव कामाचें अप्रूप थोडें कमी वाटतें, हें मी प्रामाणिकपणें सांगतों. मला थक्क केलें तें निराळ्याच गोष्टीनें.

हीं देवळें मूळच्या जागीं नाहींत. आस्वानचें मोठें धरण बांधावयास १९६० सालीं आरंभ झाला. त्याच्या पाण्यांत तीं बुडणार, म्हणून १९६४ ते १९६८ या काळांत युनेस्कोच्या पुढाकारानें, अनेक राष्ट्रांच्या पैशानें, तीं करवतीनें कापून हजाराहून अधिक तुकडे करण्यांत आले. एकेक तुकडा वीस-तीस टनांचा! ते सुमारें ६५ मीटर वर व २०० मीटर मागें नेऊन पुन्हा जुळविले. कोसळलेलें मस्तकहि जसें पडलें होतें, तसेंच नव्या जागीं ठेवलें. मागचा डोंगर कृत्रिम असून त्याच्या पोटांत काँक्रीटचा घुमट आहे.

हें ऐकतांना माझ्या मनांत मत्सर उत्पन्न झाला. माझें आजोळ इंदापूर तालुक्यांतील पळसदेव. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि पळसनाथाचें जुनें देऊळ पाण्याखालीं गेलें. लहानपणीं ज्या ओट्यावर मी चिंचोके खेळलों, तो कापून वर नेण्यास कोणतें राष्ट्र येणार? आदल्याच दिवशीं आस्वानजवळ पाहिलेलें फिलीचें इसिसमंदिरहि असेंच उंच बेटावर हलविलेलें. तेंहि काम १९८० सालींच पुरें झालें. मीं हें वाटाड्यापाशीं जरा तावातावानेंच बोलून दाखविलें.

आमचा मोटारचालक जवळच पाण्याकडे तोंड करून चहा पीत होता. तो न्यूबियन होता. वाटाड्यानें त्याला माझें बोलणें सांगितलें, तेव्हां त्यानें पेला खालीं ठेवला व तळ्याकडे बोट दाखविलें. त्याच्या आजोबांचें गांव त्या पाण्याखालीं होतें. १९६३-६४ सालीं सुमारें पन्नास हजार न्यूबियन लोकांस उठवून उत्तरेस कोम ओंबोकडे नेण्यांत आलें. देवळें उचललीं, घरें, खजुरीचीं झाडें आणि वाडवडिलांच्या कबरी राहिल्या. माझा ताव तेथेंच उतरला.

कांहीं वेळानें त्यानें वाटाड्याकरवीं मला विचारलें, ‘तुमचें देऊळ कधीं दिसतें का?’

मीं म्हटलें, ‘पाऊस ओढ देतो त्या वर्षीं उन्हाळ्यांत शिखर दिसतें. पाणी फारच ओसरलें तर देवळापर्यंत चालतहि जातां येतें.’

‘आमचें गांव दिसत नाहीं,’ तो म्हणाला, आणि मंडळींस बोलावण्याकरितां त्यानें भोंगा वाजविला.

परततांना मी त्याच्या मागच्याच बाकावर बसलों व कर्कवृत्ताच्या वेळीं जागा होतों.