टोपलीखालचं पीठ

आपल्या बचत गटांत टोपल्या, सुपं, आकाशकंदील करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

टोपली उचलली की खाली पिवळसर पीठ दिसतं. झाडलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. ही वाळवी नव्हे. हा भुंगेरा आहे, शास्त्रातलं नाव डायनोडेरस. जेमतेम 3 मिलिमीटरचा, बाजरीच्या दाण्याएवढा, तपकिरी. वरून पाहिलं तर डोकं दिसतच नाही, पदर पुढे ओढून घेतल्यासारखं झाकलेलं!

त्याला हवं असतं बांबूतलं पिष्ट, म्हणजे स्टार्च. हिरवी पाठ कडक, तिथून तो सहसा शिरत नाही. तोडलेलं तोंड, छाटलेल्या फांदीची जागा, कामटीची आतली बाजू, इथून शिरतो आणि आत अंडी घालतो. पुढचं पोखरणं अळ्यांचं. बाहेरून टोपली धडधाकट, आणि गिऱ्हाइकाच्या घरी मोडते. मग गटाचं नाव जातं, कर्जाचा हप्ता मात्र राहतो.

म्हणून बांबू घेताना भावाआधी विचारा, कधी तोडला? पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेला बांबू बरा. त्यातही तीन-चार वर्षांचा पक्का बघा, कोवळा नको. जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यात तोडा म्हणतात. तेही पाळा हवं तर, पण माझ्या मते ऋतू आणि बांबूचं वय आधी. 2017 च्या कायदा-दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं 'झाड' राहिलेला नाही. बांधावर मानवेल लावलेला शेतकरी ओळखीचा असेल, तर तोडणीची वेळ आपणच ठरवून घ्यावी.

बांबू घरी आला की दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, वर दगड ठेवून. पिष्ट पाण्यात उतरतं. पाण्याला घाण वास सुटतो, सासूबाई बोलतील, बोलू द्या. पाणी मात्र बदलत राहा. मग सावलीत वाळवा. पाण्याची टंचाई असेल तर कामट्या तासभर उकळा. आतल्या अळ्याही मरतात.

शोभेच्या वस्तूंना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण चालतं, 20 लिटर पाण्याला दोन्ही मिळून एक किलो. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. भाकरीच्या टोपलीला, धान्याच्या सुपाला हे लावू नका. फवारणीचं औषध तर नाहीच नाही. त्यांना उकळणंच बरं. चुलीवर टांगलेली आजीची टोपली वर्षानुवर्षं टिकायची, ती धुरानं.

एखादी टोपली पीठ गाळू लागली, तर ती आजच बाकीच्या मालातून बाजूला काढा. भुंगेरे उडतात.