पाला आणि भट्टी

वैद्यांच्या कपाटातील यशदभस्म आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. जस्ताला वनस्पतींच्या रसांची भावना आणि अग्नीची पुटे देऊन ते सिद्ध करतात. रसायनशास्त्राच्या भाषेत ते मुख्यत्वे झिंक ऑक्साइड होय. आज प्रयोगशाळांतून पाल्याच्या काढ्याने याच ऑक्साइडाचे नॅनोकण करतात, तेव्हा या जुन्या कृतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मीटरचे १०० कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण १ ते १०० नॅनोमीटरांच्या मापाचे असतात.

या कृतीस ‘हरित’ म्हणतात. कारण तीव्र रसायनांचे काम तेथे पाला करतो, असे मानले जाते. हे कितपत खरे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या काढ्याने सोन्याचांदीचे नॅनोकण केले. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. तेथे पानांतील द्रव्ये चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात आणि विरघळलेल्या क्षारातून धातू प्रकट होतो. यास क्षपण म्हणतात. पाल्यावाचून हे घडावयाचे, तर दुसरा क्षपणकारक हवाच. तेव्हा येथे पाल्याचे श्रेय निर्विवाद आहे.

जस्ताची गोष्ट निराळी. क्षारात जस्ताने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि ऑक्साइडातही ते गमावलेलेच राहतात. म्हणजे येथे क्षपण होतच नाही. तरीही कित्येक लेखांतून ते झाल्याचे सांगितले जाते! मग पाला करतो काय? त्यातील पॉलिफिनॉलांसारखी द्रव्ये जस्ताला धरून ठेवतात आणि वाढत्या कणांना वेढून त्यांना परस्परांस चिकटू देत नाहीत. हे काम महत्त्वाचे खरे; परंतु पुढे तो गाळ पुष्कळदा ४०० ते ५०० अंश सेल्सियसला भाजतात आणि पाल्याचा बहुतेक अंश जळून जातो. शिवाय झिंक नायट्रेट नुसते तापविले, तरी झिंक ऑक्साइड मिळतेच आणि नायट्रोजनाचे विषारी वायू बाहेर पडतात. अशा वेळी श्रेय पाल्याचे की भट्टीचे?

याचा निवाडा अवघड नाही. तोच क्षार, तेच तापमान, तोच वेळ. फक्त एकदा काढा घालावा आणि एकदा घालू नये. दोन्ही कणांत फरक पडला, तर पाल्याला मान द्यावा. न पडल्यास त्याचे नाव घेऊ नये. पानांतील द्रव्ये ऋतूप्रमाणे व जमिनीप्रमाणे बदलतात. म्हणून हा पडताळा पुनःपुन्हा घ्यावयास हवा.

आणखी एक सांगावयाचे. पाल्यातून आला म्हणून कण निरुपद्रवी ठरत नाही. झिंक ऑक्साइड ओढ्यानाल्यांत गेले, तर जलचरांस ते घातकच. उद्या शेतात फवारण्यासाठी किंवा जखमेवर लावण्यासाठी अशी द्रव्ये आपल्या हाती येतील, तेव्हा ‘हरित’ हे विशेषण पाहून थांबू नये. भट्टीत किती इंधन लागले, धूर कसला निघाला आणि उरलेले पाणी कोठे सोडले, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे.