थंड देशांतील अंजीर : दगड की पाचोळा?



मंडईत पुरंदरच्या मिठ्या बहाराची अंजिरे आली असताना, हिवाने गारठणाऱ्या अंजिराची चिंता आम्ही वाहावी, हे काहींस गमतीचे वाटेल. पण पश्चिम आशियातले, भूमध्यसमुद्राकाठचे हे उन्हाळी झाड लंडन-पॅरिसच्या हवेत फळवायचे, तर माळ्यापुढे प्रश्न उभा राहतोच : बुंध्याशी पाचोळा घालावा की दगड?

पाचोळा किंवा पेंढा म्हणजे जमिनीची गोधडी. गोधडी ऊब निर्माण करीत नाही, असलेली राखते. दगड दिवसा ऊन पितो आणि रात्री सावकाश परत देतो. अर्थात ऊन पडले तर! इथवर सोपे आहे. घोळ पुढेच आहे. त्या मुलखात उन्हाळ्यात पिकणारी पहिली फळे आदल्या शरदातच फांद्यांच्या शेंड्यांवर वाटाण्याएवढी होऊन बसलेली असतात. शून्याखाली दहाएक अंश थंडी पडली, की शेंडे मरू लागतात. पाचोळ्याखाली मुळे जगतात, वसंतात फुटवे येतात, झाड हिरवेगार दिसते. पण त्या फुटव्यांवरची फळे तिकडच्या आखूड उन्हाळ्यात सहसा पिकत नाहीत. झाड वाचले, बहार गेला! तेव्हा वाचवायचे काय, हे आधी ठरविले पाहिजे.

इंग्रज माळी झाड दक्षिणाभिमुख भिंतीला पंख्यासारखे पसरून बांधतो. भिंतीची ऊब शेंड्यांना मिळते. शिवाय तो दोनेक फुटांचा खड्डा फरश्यांनी बांधून तळाशी विटांचे तुकडे भरतो. मुळे मोकळी सुटली तर झाड पानांतच रमते; कोंडली की फळावर येते. आमच्या मते दगडाचा मोठा उपयोग हाच.

पॅरिसजवळच्या आर्जांतयच्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिसरीच वाट धरली होती. ते झाड मुद्दाम बुटके, तिरक्या फांद्यांचे वाढवीत, हिवाळ्याच्या तोंडाशी फांद्या चरांत वाकवून मातीखाली पुरीत आणि हिवाळा सरताना उकरून काढीत. दरसाल! कडक थंडीत शेंडे वाचवायचे, तर आम्हांला हीच रीत पटते.

पाचोळ्याचा आणखी एक दोष. तो वसंतात तसाच राहिला, तर जमीन तापत नाही, रात्री तिची ऊब वर येत नाही, आणि उशिराच्या हिवात कोवळी पालवी करपते. त्यात उंदीर घर करून साल कुरतडतात, ते वेगळेच. म्हणून कोवळ्या रोपांच्या मुळांशी तो जरूर घालावा, पण वेळेवर काढावा.

आपल्यापैकी कित्येकांची मुले आज तिकडे वरच्या मजल्यांवर राहतात. त्यांना ना भिंत, ना चर. त्यांनी झाड कुंडीत लावावे, आणि पाने गळल्यावर ती न तापविलेल्या, पण पाणी गोठणार नाही अशा खोलीत ठेवावी. पाने नसल्यामुळे उजेड नसला तरी चालतो. पाणी मात्र माती अगदी कोरडी पडू नये इतकेच द्यावे.