तांबड्या दिव्याची खूण



ऊस गाळपाचे दिवस आले की आपल्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर धावतात. मागे उसाने भरलेल्या ट्रॉल्या असतात. पुष्कळदा पुढचा दिवा मंद असतो आणि मागे तर दिवाच नसतो. मागून मोटारसायकल येते. काळोखात तिला ऊस दिसत नाही. दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. अशा अपघातांत माणसे गेली आहेत, घरे उघडी पडली आहेत. हे तुम्हांला आम्ही सांगायला नको.

"अरे, दिवा का नाही लावलास?" असे विचारले की ट्रॅक्टरवाला सांगतो, "बॅटरी उतरली." बॅटरी उतरली हे खरे. पण ती उतरली कशाने? याचा विचार आज आपण करू.

बॅटरी म्हणजे कणगी

बॅटरी वीज तयार करीत नाही. ती वीज साठवते. घरातल्या कणगीसारखेच समजा ना! कणगीत धान्य पिकत नाही. शेतातून आणून भरावे लागते. नुसते काढत राहिले तर तळ दिसणारच.

आता तुम्हांला हिशेब येतो. तेव्हा एक हिशेब करू. पुढचे दोन दिवे साठ-साठ वॅटचे धरा. दोन्ही मिळून १२० वॅट झाले. बॅटरी १२ व्होल्टची. १२० ला १२ ने भागा. उत्तर १० आले. म्हणजे दिवे १० अँपिअर वीज खातात. बॅटरी ८० अँपिअर-तासांची असेल, तर ८० भागिले १० म्हणजे ८ तास. हा झाला कागदावरचा हिशेब. खरे पाहता दिवे त्याच्या पुष्कळ आधी मंद होतात. बॅटरी जुनी असली तर आणखी लवकर.

मग रात्रभर दिवे कसे जळतात? कारण यंत्र चालू असताना कुणीतरी कणगी भरत असते. ते भरणारे यंत्र म्हणजे अल्टरनेटर. आपल्याकडे अजून कित्येक जण त्याला डायनामोच म्हणतात. ते इंजिनाच्या पुढच्या बाजूला असते. पट्ट्यावर फिरते.

अल्टरनेटर बंद पडला तर पेट्रोलची गाडी थोड्या वेळाने थांबते. तिला ठिणगीसाठी वीज लागते. पण जुन्या घडणीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचून चालते. म्हणून ट्रॅक्टर थांबत नाही. दिवे तेवढे जातात. धोका आहे तो इथेच.

वीज होते कशी?

विलायतेत मायकेल फॅरडे नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचा जन्म १७९१ सालचा. बाप लोहार. घरी गरिबी. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी हा मुलगा पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचू लागला. वाचता वाचता त्याला विजेची गोडी लागली. पुढे १८३१ साली त्यांनी दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला तर तारेत वीज उत्पन्न होते. आज आपल्या ट्रॅक्टरवर फिरते ते यंत्र याच शोधातून आले आहे.

अल्टरनेटरच्या पोटात मधोमध एक फिरता तुकडा असतो. त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्या तारेत थोडी वीज सोडली की तो लोहचुंबक बनतो. फिरत्या तुकड्याला वीज द्यायची कशी? त्यासाठी त्याच्या दांड्यावर दोन तांब्याच्या कड्या असतात. त्या कड्यांवर दोन कार्बन घासत राहतात. त्यांतून वीज आत जाते. भोवताली दुसऱ्या तारांची वेटोळी असतात. ती फिरत नाहीत. चुंबक फिरला की या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते.

पण ही वीज कधी पुढे जाते, कधी मागे येते. बॅटरीला एकाच दिशेने जाणारी वीज हवी. म्हणून मध्ये डायोड बसवतात. विहिरीतल्या मोटारीच्या नळाला खाली फूट व्हॉल्व्ह असतो ना? त्यातून पाणी वर जाते, मागे येत नाही. डायोडचे काम तसेच.

शेवटचा राहिला रेग्युलेटर. तो पाटकऱ्यासारखा असतो. पाटकरी गरजेपुरतेच दार उघडतो. नाहीतर पीक वाळेल किंवा कुजेल. रेग्युलेटर बॅटरीला हवी तेवढीच वीज देतो.

पूर्वी गाड्यांवर अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता. इंजिन हळू चालले की तो पुरेशी वीज देत नसे. सिलिकॉनचे टिकाऊ डायोड निघाले आणि दिवस पालटले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीवर अल्टरनेटर बसवला. विलायतेत एमजीबी नावाची दोन माणसांची छोटी, वेगवान गाडी होती. ती १९६२ साली निघाली तेव्हा तिच्यावर डायनामो होता. १९६७ साली अल्टरनेटर आला. त्याच वेळी बॅटरीची लोखंडाला जोडायची बाजूही बदलली. आधी अधिक बाजू जोडीत, मग उणे बाजू जोडू लागले. जुने यंत्र हाती आले तर ही गोष्ट आधी पाहावी. उलटी बॅटरी जोडली की अल्टरनेटरचे डायोड तत्काळ जळतात.

दिवा काय सांगतो?

चालकाच्या पुढे एक लहान तांबडा दिवा असतो. त्यावर बॅटरीचे चित्र असते. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे. इंजिन चालू झाले की विझला पाहिजे.

किल्ली फिरवूनही दिवा लागत नाही? तर बल्ब गेला असेल, तार तुटली असेल, नाहीतर कार्बन झिजले असतील. पुष्कळ जुन्या यंत्रांत चुंबकाला पहिली वीज या बल्बातूनच मिळते. एवढासा बल्ब गेला तरी अल्टरनेटर जागा होत नाही.

इंजिन चालू होऊनही दिवा विझत नाही? तर कणगी भरत नाही असे समजा. दिवा अंधुक जळत राहिला तर डायोडचा संशय घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली आढळली, तर तेही पुष्कळदा डायोडचे काम असते. फूट व्हॉल्व्ह गळू लागला की पाणी मागे येते, तसेच हे.

मीटर वाचायला शिका

विजेचे मीटर आता लहान दुकानातही मिळते. त्यावर आकडे येतात. तुम्हांला आकडे वाचता येतात. मग भ्यायचे कशाला?

इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावा. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. आता इंजिन चालू करा. वेग थोडा वाढवा. आकडा सुमारे १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. दिवे लावले तरी तो १३ च्या खाली येऊ नये. आकडा १२ वरच राहिला आणि उतरत गेला, तर भरणे बंद आहे. १५ च्या वर गेला, तर पाटकरी बिघडला. मग बॅटरीचे पाणी आटते आणि बल्ब उडतात.

एका गावातली गोष्ट. एका वृद्ध शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे दिवे मंद झाले. तालुक्याच्या एका दुकानात त्यांना सांगितले, "बॅटरी खराब झाली, नवी घ्या." त्यांनी हंगामाच्या ऐन तोंडावर उसने पैसे काढून बॅटरी घेतली. आठवड्याने पुन्हा तेच. मग भावकीतला एक मुलगा आला. तो आयटीआयमध्ये शिकलेला होता. त्याने मीटर लावले.

"आबा, हे बघा. इंजिन चालू आहे आणि आकडा १२.१. बॅटरीचा दोष न्हाई. तिला कोणी खायलाच घालत न्हाई."

"मग आता डायनामो नवा घ्यायचा का रे बाबा?"

"थांबा की आबा. आधी उघडून तर बघू."

उघडले तेव्हा दोन्ही कार्बन पार झिजलेले निघाले. कड्यांपर्यंत पोचतच नव्हते. कार्बनची जोडी बदलली, कड्या पुसल्या, आणि दिवे लख्ख झाले. खर्च अगदी किरकोळ आला. नव्या बॅटरीचे कर्ज मात्र आबांना फेडावे लागले. आकडा आधीच वाचला असता तर ते कर्ज झाले नसते.

दुरुस्ती कशी करतात?

पहिल्याने बाहेरचे पाहावे. दोन कप्प्यांच्या मध्ये पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. फार ढिला असला तर तो घसरतो आणि किंचाळतो. फार ताणला तर बेअरिंग जाते. मग बॅटरीची टोके पाहा. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर सोड्याच्या गरम पाण्याने धुवा. मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. टोके पुसून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावा. पुष्कळ बिघाड एवढ्यानेच मिटतात.

तरी काम झाले नाही तर अल्टरनेटर काढावा. त्याआधी बॅटरीची लोखंडाला जोडलेली तार सोडवा. अल्टरनेटरच्या जाड तारेत किल्ली बंद असतानाही वीज असते. पाना चुकून लोखंडाला टेकला तर ठिणग्या उडतात आणि हात भाजतो. कोणती तार कोठे होती हे वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

आत कार्बन पाहा. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा आखूड झाले असतील तर बदला. कड्या पेट्रोलच्या फडक्याने पुसा. काळ्या पडल्या असतील तर अगदी बारीक कागदाने हलकेच घासा. मग दोन कड्यांना मीटर लावा. १२ व्होल्टच्या यंत्रात साधारण तीन ते पाच ओम आकडा येतो. आकडा आलाच नाही तर आतली तार तुटली. कडी आणि लोखंडी दांडा यांच्यात मात्र वीज मुळीच जाता कामा नये. डायोडमधून एका बाजूने वीज गेली पाहिजे, उलट बाजूने अडली पाहिजे. त्यासाठी डायोडची तार डाग सोडवून वेगळी करावी लागते. डाग देताना तार पकडीने धरावी. उष्णता पकडीत उतरते आणि डायोड वाचतो. हे काम माहीतगाराकडून करून घेतलेले बरे. पण तो काय करतो आहे, हे तुम्हांला कळले पाहिजे.

काय करू नये?

डायनामोच्या काळातली एक खोड अजून गेलेली नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढतात. इंजिन बंद पडले नाही तर म्हणतात, "चार्जिंग बरोबर आहे." डिझेल इंजिनाचे तर त्यातून काहीच कळत नाही. उलट विजेचा एकदम लोट उसळतो आणि डायोड व रेग्युलेटर जळतात. हे कधीही करू नका.

जाड तार लोखंडाला टेकवून ठिणगी पाहू नका. ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या तारा सोडवा. बॅटरी भरताना तिच्यातून जळणारा वायू निघतो. तेथे विडी ओढू नका, काडी पेटवू नका. बॅटरीचे तेजाब अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, पदर किंवा उपरण्याचे टोक जाऊ देऊ नका.

मंडळी, यंत्र काही बोलत नाही. ते खुणा करते. तांबडा दिवा ही एक खूण, पट्ट्याची किंकाळी ही दुसरी, मीटरवरचा आकडा ही तिसरी. ज्याला अक्षरे कळतात त्याला या खुणाही वाचता येतील. आपल्या घरच्या किंवा भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. किल्ली फिरवल्यावर तांबडा दिवा लागतो का? इंजिन चालू झाल्यावर विझतो का? ट्रॉलीच्या मागचा दिवा जळतो का? तिन्हींचे उत्तर "होय" आले तरच ट्रॉली रात्री रस्त्यावर जाऊ द्या. त्या रस्त्याने आपलीच माणसे घरी येत असतात.