हिश्श्याचा इसार घेण्यापूर्वीं



कागद वाचून घेण्यासाठीं तुम्ही शाळेंत आमच्याकडे येतां. पण तोंवर अंगठा उठलेला असतो आणि इसाराचे पैसे खर्चून गेलेले असतात. म्हणून आज आधींच चार शब्द सांगतों.

समजा, बापानें स्वकमाईनें घेतलेली आठ एकर जमीन आहे. बाप मृत्युपत्र न करतां वारला. आई आधींच गेली. मागें तीन भाऊ व एक बहीण. 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानें चौघांचे हिस्से सारखे. बहिणीचें नांव सातबाऱ्यावर चढलें नाहीं, म्हणून तिचा हक्क बुडत नाहीं. अशांत थोरल्यानें नड पडली म्हणून इसार घेतला आणि एकट्यानें साठेखत लिहून दिलें, तेंही सबंध आठ एकरांचें! पुढें काय?

इतर तिघांचे हिस्से त्या कागदानें बांधले जात नाहींत. पण थोरला सुटत नाहीं. घेणारा ठरलेले पैसे देण्यास तयार असेल आणि ठरल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आंत दावा लावील, तर कोर्ट थोरल्याच्या हिश्श्यापुरतें खरेदीखत करून द्यावयास लावूं शकतें. पूर्वीं असा हुकूम देणें कोर्टाच्या विवेकावर असे. 1 ऑक्टोबर 2018 पासून ती मोकळीक कायद्यानें काढून घेतली. "इसार परत घ्या, जमीन देत नाहीं," एवढें म्हणून आतां भागत नाहीं.

घेणारानेंही हुरळून जाऊं नये. साठेखत म्हणजे मालकी नव्हे. हिश्श्याचें खरेदीखत झालें, तरी विहिरीजवळचा तुकडा आपला म्हणून त्यांत औत घालतां येत नाहीं; आधीं वाटणी व्हावी लागते.

घरच्या वारसांच्या हातींही एक हत्यार आहे. त्याच कायद्याच्या 22 व्या कलमानें, एक वारस हिस्सा विकूं लागला तर तो घेण्याचा पहिला हक्क त्याच्या भावाबहिणींचा. किंमत जमली नाहीं तर कोर्ट ठरवितें. शेतजमिनीलाही हें लागू आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टानें 2019 सालीं दिला.

बांधवहो, आपल्या भांडणावर कज्जेदलालांच्या चुली पेटतात. नड पडली तर आधीं भावाला सांगा, बहिणीला सांगा. कागद करावयाचाच तर त्यांत आपला हिस्सा किती तें लिहा. सगळी जमीन द्यावयाची तर सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि अंगठा उठविण्यापूर्वीं कागद वाचून घ्या. शाळेचें दार उघडें आहे.